हिराताईचं नाव मी सांगितलं नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार हिराताईचे आहेत. आईवडिलांच्याही आधी मी तिचं नाव घेते. वडील कर्जतजवळ एका फार्महाऊसवर राखणीला आहेत, आई तिथेच झाडलोट करते. दोघांनी मिळून मला बी.ए. पर्यंत शिकवलं. दोन्हीकडच्या नात्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली. दहिवलीला राहणाऱ्या आमच्या मराठीच्या बाई परीक्षेच्या दिवसांत मला घरी जेवायला थांबवून घ्यायच्या. हे सगळं ऋण मोठंच आहे. पण आईवडिलांनी दिलं ते आपल्या मुलीला दिलं, बाईंनी दिलं ते आपल्या विद्यार्थिनीला. हिराताई माझी कुणीच नव्हती. तिने माझ्या मुलाला अंगावरचं दूध पाजलं, आणि त्याच दिवसांत मी तिच्यापासून एक गोष्ट लपवत होते.

मला टीबी झाला होता. सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्या, शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. नव्याने निदान झालेल्या बायांना धीर येईल असं काहीतरी लिहा, असं दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या. गोळ्या न चुकवता घेतल्या तर हा आजार बरा होतो. धीराचं म्हणून माझ्याजवळ एवढंच आहे, ते आधी सांगून टाकते. पुढे जे आहे त्यातून कुणाला धीर येईल असं मला वाटत नाही. पण एखादी बाई माझ्यासारखी वागायची थांबली, तर लिहिल्याचा उपयोग झाला असं समजेन.

गुरुवारचा गट

माझं सासर खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठचं. नवरा, प्रशांत, रसायनीला एका कंपनीत पॅकिंग खात्यात आहे. मला चौथा महिना लागला तेव्हा अंगणवाडीच्या संगीताताईंनी गुरुवारी दुपारी यायला सांगितलं. पोटुशी बाया आणि अंगावर पिणारी मुलं असलेल्या बाया, अशा पंधरा-वीसजणी तिथे गाणी म्हणायला जमायच्या.

संगीताताई आधी तक्ते लावून माहिती सांगायच्या. लोहाच्या गोळ्या, लसी, धोक्याची लक्षणं. बाया भिंतीला टेकून पेंगायच्या. मग एकदा त्यांनी तक्ता गुंडाळून ठेवला आणि विचारलं, तुमच्या आयांनी तुम्हाला काय म्हणून झोपवलं ते म्हणा. तेव्हापासून जे शिकायचं ते ओवीत बसवून शिकायचं असं ठरलं. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती पुरी करायची, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनाही तीन आठवड्यांत कोणती लस कधी ते पाठ झालं.

मी पदवीधर म्हणून ओव्या उतरवायची वही माझ्याकडे आली. पण मला स्वतःला एकही ओवी येत नव्हती. आई कामाला जायची, मी पुस्तकात. अभ्यासाच्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही, इतकी माझी बडदास्त होती. पहिल्या गुरुवारी मी एक कविता करून नेली. ती ऐकून हिराताई म्हणाली, "मास्तरीणबाई, ह्यो पाळणा हाय का बँकेचा अर्ज?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येऊन रडले.

हिराताई आमच्याच आळीत, तीन घरं सोडून. सातवी शिकलेली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, दुसरेपणाची बाळंतीण. दुसऱ्या दिवशी तीच माझ्या ओट्यावर आली आणि तांदूळ निवडता निवडता मला शिकवायला बसली. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कमी पडला तर "बाई" कुठे घालायचं, ओळ संपताना आवाज कसा खाली आणायचा. इतकं मन लावून मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि इतकी मी कशात मागे आहे हे मला आधी माहीत नव्हतं.

गटात एक रीत होती. जी ओळ टाकेल, तिने दुसरीचं बाळ मांडीवर घ्यायचं आणि त्याच्याकडे बघून गायचं. आईचे हात तेवढा वेळ मोकळे राहायचे, बाळाला परक्या आवाजाची सवय व्हायची. माझ्या मांडीवर बहुतेक हिराताईची ईश्वरी असायची. ती दीड महिन्याची असल्यापासून. मी गायला लागले की ती माझ्या ओठांकडे टक लावून बघायची, म्हणून मी आणखी खाली वाकायचे.

कंपनीचा खोकला

आमच्याकडे वारा फिरला की कंपन्यांचा वास येतो आणि आळीतली निम्मी माणसं खोकतात. त्याला कंपनीचा खोकला म्हणतात. त्यासाठी कुणी दवाखान्यात जात नाही. गूळ-सुंठ खायची आणि वारा फिरायची वाट बघायची. मला सातव्या महिन्यात खोकला सुरू झाला, तो वारा फिरला तरी थांबला नाही. सासूबाई म्हणाल्या, बाहेरगावची हायेस, सवय नाय तुला.

तेव्हा मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. गटाच्या वहीत माझ्याच अक्षरात, मीच केलेली ओवी होती:

पंधरा दिस खोकला, बाई लपवू नको घरी
बेडका तपासून ये गं, जीव वाचंल संसारी

ही ओवी सगळ्याजणी म्हणायच्या, मीही म्हणायचे. आठव्या महिन्यात एका मंगळवारी रुमालावर रक्ताची तार दिसली. रुमाल धुऊन टाकला. त्या रविवारी माझं डोहाळे जेवण होतं, माहेरची माणसं येणार होती. घरात नणंदेसाठी स्थळ बघायचं चाललं होतं. आणि गुरुवारी पहिल्यांदाच मी स्वतः बांधलेला पाळणा पूर्ण म्हणणार होते. हे शेवटचं कारण सगळ्यात क्षुल्लक, आणि मला वाटतं तेच खरं. त्या गुरुवारी मी गायले. ईश्वरी मांडीवर होती. हिराताई म्हणाली, "आता जमलं बघ तुला." तेवढं ऐकण्यासाठी मी गेले होते.

निदानाचा दिवस

माझा मुलगा अर्णव तीन आठवड्यांचा होता तेव्हा मला धाप लागायला लागली. ताप होताच. खोपोलीला छातीचा फोटो काढला, बेडका दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी प्रशांतला आत बोलावलं, मला बाहेर बसवलं. तो बाहेर आला आणि माझ्या शेजारी न बसता समोरच्या बाकावर बसला. तेव्हाच मला कळलं. नंतर त्याने मला सांगितलं की त्याला घाबरल्यासारखं झालं होतं, पाय आपोआप तिकडे गेले. मी त्याला दोष देत नाही, पण तो बाक मी विसरलेले नाही.

छातीत पाणी झालं होतं. त्याच दिवशी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. बाळाला वॉर्डात आणायची परवानगी नव्हती. गाडीत बसताना सासूबाईंनी अर्णवला माझ्याकडून घेतलं आणि मला बजावलं, "टीबी म्हनायचं नाय कुनाला. निमोनिया झालाय सांगायचं. पोरीचं लगीन मोडंल." त्या वाईट नाहीत. पुढे सहा महिने त्यांनी मला वेळेवर गोळी दिली, अंडं उकडून दिलं. पण आमच्या घरात तो शब्द तेव्हापासून बंद झाला.

अकरा नंबरची खाट

बारा दिवस मी तिथे होते. सकाळी सहाला ताप बघायचे, सातला चहा, आठला सिस्टरच्या समोर गोळ्या गिळायच्या. लघवी लाल व्हायची, मळमळायचं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, ती दर वेळी ताट उघडून म्हणायची, आज पण दुधीच. त्यावर आम्ही दोघी हसायचो. दुपारी छाती दुखून भरून यायची आणि मी न्हाणीघरात जाऊन दूध पिळून टाकायचे. ते हळूहळू कमी होत गेलं. सातव्या दिवशी काहीच आलं नाही.

प्रशांतचा रोज फोन यायचा. पहिले दोन दिवस अर्णव बाटली घेत नव्हता. वाटी-चमच्याने पाजलं तर उलटी करायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "हिरावहिनी आल्या होत्या. त्याचं रडणं ऐकून आल्या. पाजला त्याला. पहिल्यांदा झोपला पोट भरून." मग ती दिवसातून चार वेळा यायला लागली. तिच्या सासूने आजाराच्या घरात जाऊ नकोस म्हणून अडवलं, तर म्हणाली, निमोनिया तिला झालाय, पोराला नाय. ईश्वरीला एका बाजूला आणि अर्णवला दुसऱ्या बाजूला घेऊन ती आमच्या ओट्यावर बसायची.

पाचव्या दिवशी टीबी विभागाच्या एक ताई फॉर्म घेऊन आल्या. माझ्या सहवासातली माणसं तपासायची होती, लहान मुलांना आजार होऊ नये म्हणून आधीच औषध द्यायचं होतं. अर्णवला ते सुरू झालंच होतं. घरातल्यांची नावं मी सांगितली. मग त्यांनी पेन थांबवून नीट विचारलं, "घराबाहेर कुणाजवळ बसणं-उठणं होतं का? लहान बाळ असलेलं कुणी?"

मला ईश्वरी दिसली. दुसऱ्याच क्षणी अर्णव दिसला, तिच्याच बाजूला दूध पिणारा. नाव सांगितलं तर त्या उद्या हिराताईच्या दारात जातील, तिला कळेल की हा निमोनिया नाही, आणि ती परत आमच्या ओट्यावर पाय ठेवणार नाही. मग माझा मुलगा काय पिणार? हे सगळं मी एका श्वासाएवढ्या वेळात ठरवलं.

मी म्हणाले, "नाही. मी फार बाहेर पडत नाही."

त्यांनी रेघ मारली आणि पान उलटलं.

ईश्वरी

मी घरी आले. मास्क लावून पाजलं तर चालेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण पाजायला काही उरलं नव्हतं. हिराताई येत राहिली. मी आतल्या खोलीत असायचे, ती ओट्यावरून हाक मारायची, "काय गं मास्तरीण, कवा येतीस गायला?" मी आतून खोकत काहीतरी उत्तर द्यायचे. रोज ठरवायचे की आज सांगू. रोज अर्णवचं वजन थोडं वाढायचं.

माझ्या परतण्याला तीन आठवडे झाले असतील, ईश्वरीला ताप आला. आधी दातांचा म्हणाले. मग उलट्या. मग ती सारखी कण्हायला लागली, मान मागे टाकायला लागली. झटका आला तेव्हा खोपोलीहून थेट मुंबईला नेलं. तिथे डॉक्टरांनी हिराताईला विचारलं, जवळपास कुणाला टीबी आहे का? ती म्हणाली, नाही. तिला जे माहीत होतं तेच तिने सांगितलं.

आळीत ही बातमी आली तेव्हा मी दोन दिवस गप्प बसले. मी स्वयंपाक केला, कपडे धुतले, अर्णव वाटीने प्यायला शिकला. तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत जाऊन संगीताताईंना सगळं सांगितलं. त्या मुलांना खिचडी वाढत होत्या. त्यांनी पळी खाली ठेवली.

"तू केलेली ओवी आमी सगळ्याजनी पाठ केली, वैशाली," एवढंच म्हणाल्या.

मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी मुंबईला फोन लावला. माझं नाव घेतलं नाही. गटातली एक बाई, असं म्हणाल्या.

उपचार बदलले, ईश्वरी वाचली. पण मेंदूपर्यंत आजार गेला होता. तिचा डावा हात हलत नाही. मागून हाक मारली तर ती वळत नाही. भांडं पडलं तरी वळत नाही. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. आजार माझ्याकडूनच गेला असं कुणी मला म्हटलेलं नाही; एकदा मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. हिराताईचे सासरे जुने खोकणारे, मी काही दिवस त्यांच्यावर आशा ठेवली. एका म्हाताऱ्या माणसाला टीबी निघावा अशी मी देवाजवळ प्रार्थना केली. त्यांची तपासणी स्वच्छ आली.

गट बंद झाला

सगळ्या बायांना आणि मुलांना तपासलं, लहानांना औषध सुरू केलं. बाकी कुणाला काही निघालं नाही. पण घरोघरच्या सासवा अंगणवाडीत आल्या. सुना गायला पाठवल्या आन् रोग आनला, असं संगीताताईंना तोंडावर म्हणाल्या. गुरुवार बंद झाले. दोघी-तिघी अजून लसीला येतात, नाव लिहून लगेच जातात.

गटातली ती एक बाई कोण, यावर आळीत खूप बोलणं झालं. माझा निमोनिया सगळ्यांनी खरा धरला होता. संशय गेला तो आदिवासी वाडीवरून गटात येणाऱ्या सुगंधावर, कारण ती हडकुळी आणि वाडीवरची. दुकानात तिच्या हातातले पैसे घेताना दुकानदार तोंडाला रुमाल लावायचा. मी ते पाहिलं आणि साखर घेऊन घरी आले.

नणंदेचं लग्न झालं. तोवर मी थांबले, हेही लिहून ठेवते. लग्नानंतर सासूबाईंना सांगितलं की मी आता बोलणार आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बोल. माज्याच्यानं पन सोसवत नाय." मी आधी सुगंधाच्या घरी गेले. तिने ऐकून घेतलं आणि कोंबड्या आत घेण्यासाठी उठून गेली, परत बाहेर आली नाही.

हिराताई आता माहेरी असते, कर्जतच्या पलीकडे. ईश्वरीला घेऊन आठवड्यातून दोनदा मुंबईला जावं लागतं, तिथून ते सोपं पडतं. फोनवर बोलण्याची माझ्यात हिंमत नव्हती. पत्र पाठवून दीड महिना झाला. पोचल्याची पावती आली. उत्तर नाही. पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे, ती जशीच्या तशी देते.

हिराताई,

हे पत्र सावकाश वाच. आणि वाचून झाल्यावर भावजींना, तुझ्या आईला, सगळ्यांना वाचून दाखव.

मुंबईच्या डॉक्टरांना जी गटातली एक बाई सांगितली होती ती मी. मला निमोनिया नव्हता, टीबी होता. ईश्वरी माझ्या मांडीवर असताना मला खोकल्यातून रक्त येऊन गेलं होतं आणि ते मला माहीत होतं. तुला वाटलं असेल की हिला नंतर कळलं. तसं नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. दवाखान्यात मला विचारलं होतं की जवळ बसणारं लहान मूल कोण. मी तुझं नाव सांगितलं असतं तर ईश्वरीला त्याच आठवड्यात औषध मिळालं असतं. मी नाही म्हणाले. तू अर्णवला पाजायला यायचं बंद करशील म्हणून. तू पाजत होतीस आणि मी हे करत होते. मला त्यावर काही म्हणायचं नाही. म्हणण्यासारखं काही सापडलं नाही.

सुगंधाचा काही दोष नव्हता. तुझ्याकडच्या माणसांनी तिला काही म्हटलं असेल तर तेवढं परत घ्यायला सांग. मी तिला जाऊन सांगितलं आहे, आळीतही सांगितलं आहे.

माफ कर असं लिहीत नाही. तू कशी आहेस ते मला माहीत आहे, तू नाइलाजाने हो म्हणशील, आणि मला ते तसं नको आहे. मुंबईला जाताना कधी कुणी सोबतीला नसेल तर मला सांग. मी तोंड न दाखवता मागे बसून येईन, पिशव्या धरीन, रांगेत उभी राहीन. माझा रिपोर्ट स्वच्छ आहे, त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. ती आधी बघ. मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस.

अर्णव रांगायला लागला. हे तुला लिहू की नको म्हणून चार दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. त्याच्याकडे बघून तुला काय वाटेल ते मला कळतं. पण तो तुझ्या दुधावर वाढलेला आहे, आणि आता आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवायची माझी तयारी नाही.

वैशाली